मांजर ओट्यावर चढतं, तेव्हा काय करायचं

स्वयंपाकघरातला ओटा साधारण ८५ ते ९० सेंटिमीटर उंच असतो. धडधाकट मांजर उभ्या जागेवरून दीड मीटरपर्यंत सहज उडी मारतं. त्यामुळे स्टूल हलवून, खुर्ची लांब सरकवून किंवा ओट्याच्या कडेला डबे मांडून फारसं काही साधत नाही. डबे तेवढे खाली पडतात.

घरात कुणी नसताना मांजर ओट्यावर कधीच चढणार नाही, अशी हमी देणारी कुठलीही पद्धत नाही. विकत आणलेल्या वस्तूच्या खोक्यावर काहीही छापलेलं असो. हाताशी येण्यासारखं आहे ते एवढं: स्वयंपाक चालू असताना मांजर स्वतःच्या ठरलेल्या जागी बसेल. ओट्यावर त्याला भाजेल, कापेल किंवा विषबाधा होईल असं काही पडलेलं नसेल. आणि रात्री ते तिथून फिरून गेलं असलं, तरी सकाळी पाच-दहा मिनिटांत ओटा कामाला तयार होईल. एवढं जमलं की बाकीचं सोडून द्यायला हरकत नाही.

आधी आठवडाभर नुसतं बघा

फ्रिजच्या दारावर एक कागद लावा. मांजर ओट्यावर दिसलं की घरातल्या प्रत्येकाने तीनच गोष्टी लिहायच्या: किती वाजले होते, ते कुठून चढलं आणि चढल्यावर पहिल्यांदा नाक किंवा पंजा कुठे गेला. यातली तिसरी नोंद सगळ्यात बोलकी असते.

नाक थेट शेगडीच्या जाळीकडे, कढईच्या कडेकडे किंवा सिंकमधल्या ताटलीकडे गेलं, तर कारण अन्न. नळाच्या तोटीखाली मान वाकडी करून बसत असेल किंवा पंजा ओला करून चाटत असेल, तर कारण पाणी. सरळ खिडकीशी जाऊन बसत असेल, तर त्याला बाहेरचं बघायचंय. नुकत्याच बंद केलेल्या ओव्हनजवळ किंवा फ्रिजच्या माथ्यावर अंग टाकत असेल, तर ऊब हवी आहे. कशालाही तोंड न लावता तुमच्याकडे तोंड करून म्याव म्याव चाललं असेल, तर त्याला तुम्ही हवे आहात. आणि घरातला कुत्रा, लहान मूल किंवा दुसरं मांजर खोलीत आल्यावरच ते वर जात असेल, तर ओटा त्याची आश्रयाची जागा आहे. या शेवटच्या मांजराला ओट्यावरून हाकलणं सगळ्यात वाईट, कारण पळून जायची एकमेव जागा त्याच्यापासून हिरावली जाते.

बहुतेक घरांत दोन कारणं एकत्र निघतात. ती कळल्याशिवाय पैसे खर्च करू नका. नळासाठी चढणाऱ्या मांजरापुढे महागडं झाड (मांजरांना चढायला-बसायला दुकानात मिळणारा उंच मनोरा) आणून ठेवलं तर ते झाडाकडे बघणारही नाही.

ओट्यावर काही मिळता कामा नये

शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं फावलं, ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. एकदा जरी माशाचा तुकडा मिळाला, तरी मांजर पुढचे कित्येक दिवस रोज तपासणीला येतं. मधूनच कधीतरी मिळणारं बक्षीस सवय घट्ट करतं. रोज मिळणाऱ्यापेक्षाही जास्त. म्हणून "नऊ दिवस ओटा साफ, दहाव्या दिवशी उघडं लोणी" याने नऊ दिवसांची मेहनत वाया जाते.

शिजवलेलं झाकून नुसतं ओट्यावर ठेवू नका; हलकं झाकण नाकाने सरकतं. फ्रिजमध्ये, कपाटात किंवा कडी असलेल्या डब्यात ठेवा. गोठवलेलं मांस किंवा मासळी बाहेर न ठेवता फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात वितळवा. माणसांसाठीही तेच सुरक्षित. खरकटी भांडी लगेच घासणं जमणार नसेल तर निदान पाण्याने विसळून साबणाच्या पाण्यात बुडवा. शेगडीच्या जाळीवरचे आणि बर्नरभोवतीचे तेलाचे थेंब पुसा. माणसाला तिथे काहीच दिसत नाही, पण मांजराच्या नाकाला ते पुरतं. सिंकच्या जाळीतला गाळ रोज काढा. कचऱ्याचा डबा पायाने उघडणारा आणि घट्ट झाकणाचा हवा, नाहीतर तो कडी असलेल्या कपाटात जाऊ द्या.

मांजराला गोड चव कळत नाही. गोडाची चव ओळखणाऱ्या ग्राहीचा एक भाग ज्या जनुकावर अवलंबून असतो, ते मांजरकुळात निकामी आहे. केकवर तोंड मारलंच असेल तर ते लोण्यासाठी किंवा सायीसाठी. त्यामुळे साखरेचा डबा उघडा राहिला तर मुंग्यांची काळजी करा, मांजराची नको. स्निग्ध आणि मांसल वासाचं मात्र काही उघडं ठेवू नका.

हे सगळं सुरू केल्यावर पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत चढणं कमी होण्याऐवजी वाढतं. कालपर्यंत मिळणारं मिळेनासं झालं की मांजर आधी जास्त जोर लावून बघतं: पंज्याने डबे ढकलतं, कपाटाची दारं ओढतं, रात्री-अपरात्री फेऱ्या मारतं. पद्धत फसली असं वाटून बहुतेक लोक नेमकं इथेच थांबतात. या दिवसांत एखादा तुकडा हाती लागला, तर चिकाटी केली की मिळतं, हे मांजर शिकतं.

त्याच खोलीत दुसरी उंच जागा

उंचावरून खोलीवर नजर ठेवणं ही मांजराची गरज आहे. ती बैठकीच्या खोलीतल्या झाडाने भागत नाही, कारण घडामोडी चालू आहेत त्या स्वयंपाकघरात. म्हणून पर्यायी जागा स्वयंपाकघरातच किंवा त्याच्या दारातच हवी. तिथून ओटा आणि तुमचे हात दिसले पाहिजेत.

उंची ओट्यापेक्षा जास्त ठेवा. १२० सेंटिमीटर चालेल, १५० ते १८० उत्तम. शेगडीपासून निदान एक मीटर बाजूला ठेवा आणि शेगडीच्या बरोब्बर वर कधीही नको. भिंतीवर फळी लावणार असाल तर ती किमान ३० सेंटिमीटर रुंद आणि ४५ ते ५० लांब घ्या. याहून अरुंद फळीवर मांजर उभं राहतं, पण आडवं होत नाही. वर जायला मधल्या पायऱ्या ३० ते ४० सेंटिमीटरच्या अंतराने, थोड्या डावी-उजवीकडे सरकवून लावा. मांजर ४-५ किलोचं असलं तरी उडी मारून येताना फळीवर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट भार क्षणभर येतो, म्हणून २० किलो पेलणारे ब्रॅकेट घ्या आणि स्क्रू पक्क्या भिंतीत प्लग घालून बसवा. पृष्ठभागावर गालिच्याचा तुकडा किंवा न घसरणारी रबराची जाळी चिकटवा.

तयार झाड घेत असाल तर दुकानात ते वरच्या टोकाला धरून हलवून बघा. डुगडुगलं तर सोडून द्या. पहिल्याच उडीत हललेल्या झाडावर मांजर पुन्हा जात नाही, मग त्यावर कितीही मऊ गादी असो. घरी आणल्यावर वरचं टोक पट्टीने भिंतीला बांधा.

नवी जागा सापडायला मदत करा: मांजर ज्यावर झोपतं ती चादर तिथे घाला, दिवसातलं एक खाणं तिथेच द्या. ऊब हवी असलेल्या मांजरासाठी तिथे लोकरीचं काही टाका. खिडकीसाठी चढणाऱ्या मांजराची फळी खिडकीपाशीच लावा, मात्र खिडकीला पक्की जाळी असल्याशिवाय नाही. डास अडवणारी पातळ जाळी मांजराच्या वजनाने फाटते किंवा चौकटीसकट निघते.

फ्रिजचा माथा ही बहुतेक मांजरांची आवडती जागा आहे आणि ती देऊन टाकायला काही हरकत नाही. फ्रिजच्या मागची आणि वरची हवा अडणार नाही इतकं अंतर सोडा आणि वर घसरणार नाही असा मॅट टाका.

पाणी हे कारण असेल तर उपाय सगळ्यात सोपा. खाण्याच्या भांड्याशेजारी ठेवलेलं पाणी बऱ्याच मांजरांना आवडत नाही. पाण्याचं पसरट, मिशा कडेला न लागणारं भांडं खाण्यापासून दोन-तीन मीटर दूर ठेवा किंवा वाहत्या पाण्याचं छोटं कारंजं आणा. ते चार-पाच दिवसांनी पूर्ण सोडवून घासा. पंपाजवळ बुळबुळीत थर साचला की मांजर पुन्हा नळाकडे वळतं. गळकी तोटी दुरुस्त करा, हे सांगायला नको.

खाण्याच्या वेळा

मांजराचं पोट दिवसातून दहा-वीस छोट्या शिकारींसाठी बनलेलं आहे. सकाळ-संध्याकाळ दोनदाच मोठं खाणं दिलं, तर मधल्या वेळात ते ओटा पालथा घालणारच.

घरातच राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या ४ किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० किलोकॅलरी पुरतात. बहुतेक कोरड्या खाण्यात १०० ग्रॅमला ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात, म्हणजे दिवसाचं खाणं ५५ ते ६५ ग्रॅमच्या आसपास. ते वाटीने न मोजता वजनकाट्यावर मोजा. वाटीने दहा-पंधरा ग्रॅम कधी जास्त पडतात ते कळतही नाही. या मापाचे चार ते सहा भाग करा. एक भाग खेळण्यात किंवा अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये टाका, म्हणजे पंज्याने एकेक दाणा काढत बसावं लागेल.

एका भागाची वेळ ठरलेली हवी: तुम्ही स्वयंपाक सुरू करण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी. त्याआधी दहा मिनिटं काठीला बांधलेल्या पिसांशी पळापळ करून घ्या, शेवटी पिसं पकडू द्या आणि मग खाणं द्या. पाठलाग, झडप, खाणं, अंग चाटणं, झोप हा मांजराचा ठरलेला क्रम आहे. कांदा चिरायला घ्याल तेव्हा ते अंग चाटण्याच्या टप्प्यावर असलं की निम्मं काम झालं.

पहाटे ओट्यावर धुमाकूळ घालणाऱ्या मांजरासाठी वेळ लावता येणारं खाण्याचं यंत्र घ्या आणि ते त्याच्या नेहमीच्या वेळेच्या अर्धा तास आधी उघडेल असं लावा. उठून खायला घालणं टाळा. आज पाचला उठलात, तर पुढच्या आठवड्यात ते साडेचारला बोलावतं.

जागेवर बसायला शिकवणं

हा भाग लोक गाळतात, कारण मांजर शिकत नाही असा समज आहे. ते शिकतं. फक्त एका बैठकीत तीन मिनिटांपेक्षा जास्त नाही आणि पोट भरलेलं असताना नाही.

खाऊ म्हणून वाटाण्याच्या अर्ध्या आकाराचे शिजवलेल्या चिकनचे तुकडे (मीठ, कांदा, लसूण नसलेले) किंवा मांजरांसाठीचा तयार खाऊ. दिवसभरातला सगळा खाऊ मिळून २० ते २५ किलोकॅलरीच्या वर जाऊ नये आणि तेवढं जेवण कमी करा.

१. उंच जागेवर एक छोटा मॅट घाला. मांजराने त्यावर एक पंजा जरी ठेवला तरी लगेच खाऊ मॅटवर ठेवा. लगेच म्हणजे एका सेकंदाच्या आत. तीन सेकंदांनी दिलेला खाऊ वेगळ्याच हालचालीचं बक्षीस होऊन बसतो.

२. चारही पाय मॅटवर, मग बसणं. बसल्यावर २ सेकंद थांबून खाऊ, मग ५, १०, २०. दर वेळी वाढवतच जाऊ नका. मध्येच पुन्हा ३ सेकंदांवर द्या.

३. दहापैकी आठ वेळा ते आपणहून मॅटवर जायला लागलं की शब्द जोडा. "जागा" असा एकच छोटा शब्द, आणि घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा.

४. आता तुम्ही हला. ओट्याकडे पाठ, मग तोंड. मग ओट्याला हात लावून परत या. मग फ्रिज उघडा, रिकाम्या चॉपिंग बोर्डवर सुरीचा आवाज करा, शेवटी वासाचं काहीतरी खरंच चिरा. एका वेळी एकच गोष्ट अवघड करा.

५. खऱ्या स्वयंपाकात सुरुवातीला दर १५-२० सेकंदांनी एक तुकडा. अशाने भाजी करपेल, म्हणून पहिले काही दिवस हे चहा किंवा कॉफी करतानाच करा. पुढे मिनिटाने, मग पाच मिनिटांनी.

लागोपाठ दोनदा चुकलं तर एक पायरी मागे या. आणि खाऊ हातातून भरवू नका, मॅटवरच ठेवा. हातातून घ्यायची सवय लागलेलं मांजर तुमच्या हातामागे येतं आणि स्वयंपाक करताना तुमचा हात असतो ओट्यावर.

मांजर मॅटवर असताना जाता-जाता त्याच्याशी बोला, डोकं खाजवा. लक्ष वेधायला चढणाऱ्या मांजराला खाऊपेक्षा हेच जास्त हवं असतं.

ओट्यावर चढलंच तर

थांबवायची योग्य वेळ उडीच्या आधीची. मांजर ओट्याच्या कडेकडे मान वर करून एकटक बघतं, कान पुढे येतात, मागचे पाय आलटून पालटून जमिनीवर रोवतं, पार्श्वभाग किंचित डुलतो. एवढ्यात मिळतात एक-दोन सेकंद. तेव्हाच "जागा" म्हणा आणि मॅटकडे बोट दाखवा. ते वळलं तर भरघोस बक्षीस द्या.

चढून गेलं असेल तर ओरडू नका, टाळ्या वाजवू नका, पळत जाऊ नका. घाबरलेलं मांजर जवळची वाट धरतं आणि ती वाट गरम तव्यावरून जाऊ शकते. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली घालून उचला आणि काही न बोलता, डोळ्यांत न बघता खाली ठेवा. उचललेलं आवडत नसेल तर जमिनीवर बोट टेकवून खाली बोलवा.

इथे एक सापळा आहे. खाली उतरलं की लगेच खाऊ दिला, तर मांजर एक साखळी शिकतं: वर चढा, बोलावणं येईल, उतरा, खाऊ मिळेल. मग ते मुद्दाम चढतं. म्हणून उतरल्यावर मॅटवर पाठवा, तिथे दहा सेकंद बसू द्या आणि मगच खाऊ द्या.

पाण्याच्या फवाऱ्याची बाटली कपाटात ठेवून द्या. फवारा मारल्यावर मांजर एवढंच शिकतं, की तुम्ही समोर असताना ओटा वाईट असतो. तुम्ही झोपल्यावर तो पुन्हा चांगला. काही मांजरं तुमचा हात वर गेला की दबकायला लागतात, ते वेगळंच नुकसान.

चिकट पट्टी, फॉइल वगैरे

तुम्ही नसतानाही चालणारे उपाय याच गटात येतात, पण ते पर्यायी जागा दिल्यानंतरच वापरायचे. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप ओट्यावर थेट लावू नका. तिचा गोंद निघता निघत नाही. साधारण ३० बाय ४५ सेंटिमीटरचे पुठ्ठ्याचे किंवा प्लास्टिकचे तुकडे घ्या, त्यांवर पाच-पाच सेंटिमीटर अंतराने टेपच्या पट्ट्या लावा आणि मांजर जिथे उतरतं त्या कडेला मांडा. स्वयंपाक करताना उचलून बाजूला ठेवता येतात. शेगडीवर किंवा तिच्या शेजारी पुठ्ठा कधीही ठेवायचा नाही. तीन-चार आठवडे ठेवा, मग एका टोकापासून दर काही दिवसांनी एकेक तुकडा काढा. केसाळ मांजराच्या पंज्यांमधल्या लांब केसांत टेप गुंतते, त्यांना हे नको.

फॉइलचा भरवसा नाही. काही मांजरं तिच्यावर पाय ठेवत नाहीत, काही तिचे गोळे करून खेळतात, आणि चावून गिळणाऱ्यांना ती धोक्याची. हालचाल टिपून हवा सोडणारं यंत्र काम करतं, पण मुळातच बुजऱ्या मांजराला ते अख्ख्या स्वयंपाकघराची धास्ती लावतं, आणि त्याच्या डब्यात दाबाखालचा वायू असल्यामुळे ते उष्णतेजवळ ठेवता येत नाही. विजेचा सौम्य झटका देणारे मॅट आणि भांड्यांचे डोलारे रचून पाडण्याचे प्रकार टाळाच.

संत्र्याच्या सालीने फार तर दोन दिवस फरक पडतो. सुगंधी तेलं मात्र अजिबात नकोत. मांजराचं यकृत अशी कित्येक रसायनं नीट निकामी करू शकत नाही. टी ट्रीसारखी तेलं पंज्यांना लागून चाटण्यात गेली तर विषबाधा होते.

शेगडी

ओट्यावरचा सर्वांत मोठा धोका शेगडीचा, आणि तो दोन्ही बाजूंनी आहे: मांजर भाजतं, आणि मांजराच्या पायाने शेगडी चालू होते. पाळीव प्राण्यांमुळे अशा आगी लागलेल्या आहेत. गॅस असेल तर काम झाल्यावर मुख्य कॉक बंद करा आणि बटणांना लहान मुलांसाठी मिळणारी झाकणं लावा. स्पर्शाने चालणाऱ्या शेगडीला मांजराचा पंजा आणि तुमचं बोट यातला फरक कळत नाही. तिचं लॉक प्रत्येक वेळी लावायची सवय करा. आणि थंड शेगडीवरही फडकं, पुठ्ठा, प्लास्टिकचा डबा ठेवू नका.

काचेची विजेची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली असते. इंडक्शनची काच भांड्याच्या उष्णतेने तापते, थोडी कमी. बर्नर किंवा गरम भाग थंड होईपर्यंत त्यावर थंड पाण्याचं भांडं ठेवा. कढईचे दांडे आतल्या बाजूला, उकळतं काही असेल तर मागच्या बर्नरवर. तळण चालू असताना मांजर खोलीबाहेर आणि दार बंद. यात सवलत नाही. दार नसेल तर बाळांसाठीचं फाटक कुचकामी आहे, तेव्हा तेवढा वेळ मांजराला दुसऱ्या खोलीत पाणी आणि खेळणं देऊन ठेवा.

पंजा भाजलाच तर तेवढाच भाग गार (बर्फाळ नव्हे) वाहत्या पाण्याखाली १० ते २० मिनिटं धरा, बाकीचं अंग टॉवेलात गुंडाळून उबदार ठेवा. बर्फ, लोणी, टूथपेस्ट, मलम काही लावू नका. स्वच्छ ओल्या कापडाने झाकून पशुवैद्याकडे न्या. माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

ओट्यावर राहू नये असं

कांदा, लसूण, पातीचा कांदा: यांच्यामुळे मांजराच्या लाल पेशी फुटतात आणि रक्त कमी होतं. कच्चं, शिजलेलं, पूड, कांदा घातलेला रस्सा, सगळंच वाईट. पूड तर सुकल्यामुळे अधिक तीव्र. लक्षणं कधी कधी दोन-चार दिवसांनी दिसतात: हिरड्या फिक्या, श्वास जलद, लघवी गडद. चॉकलेट, कॉफी, मद्य, द्राक्षं आणि मनुका, कच्चं यीस्टचं पीठ (पोटात फुगतं आणि त्यातून अल्कोहोल तयार होतं), शिजवलेली हाडं हेही बंद कपाटात. ओट्यावरच्या फुलदाणीत लिली नको. तिचं पान, परागकण, फुलदाणीतलं पाणी, काहीही मांजराची मूत्रपिंडं निकामी करू शकतं. परागकण अंगावर सांडून चाटण्यात गेले तरी पुरे.

दोरा वेगळा सांगायला हवा. मांस बांधायला वापरलेला सुती दोरा रसाने माखलेला असतो आणि मांजर तो चघळत गिळतं. त्याचं एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात उतरतं, आणि आतडं त्या ताणलेल्या दोऱ्यावर चुण्या पडत गोळा होतं, कधी कापलंही जातं. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, कापू नका. तसंच पशुवैद्याकडे जा.

सुऱ्या खणात. भांडी घासायच्या साबणाच्या वड्या आणि मशीनच्या गोळ्या वरच्या कपाटात.

ओटा पुसण्याचा क्रम

मांजर गेल्यावर पुसण्यापेक्षा काम सुरू करण्याआधी पुसणं जास्त उपयोगाचं, कारण मधल्या वेळात ते किती वेळा आलं हे तुम्हाला माहीत नसतं. आधी ओलसर मायक्रोफायबरने केस गोळा करा; कोरडं फडकं ते नुसते उडवतं. मग साबणाचं कोमट पाणी. साबणाने तेलकटपणा गेला नाही तर जंतुनाशक वरच्या थरावरच राहतं. मग अन्नाच्या जागेसाठी चालणारं जंतुनाशक, बाटलीवर लिहिलेला वेळ ओलं राहू द्या, शेवटी स्वच्छ पाण्याने पुसा. पूर्ण वाळेपर्यंत मांजर दूर: बेन्झाल्कोनियम क्लोराइड असलेल्या द्रावणात पाय पडून ते चाटलं गेलं तर जिभेवर व्रण येतात, आणि पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी फिनाइलसारखी द्रावणं तर घरातच नकोत. ओट्यावर लघवी झाली असेल तर त्यावर ब्लीच ओतू नका. लघवीतल्या अमोनियाशी मिळून विषारी वायू तयार होतो. आधी साबणाने धुऊन काढा.

चॉपिंग बोर्ड ओट्यावर आडवा ठेवू नका, कपाटात उभा ठेवा. पेले पालथे.

खरी घाण लिटर ट्रेमधून, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या ट्रेमधून, पायांनी येते, म्हणून ट्रे स्वयंपाकघरापासून लांब, त्यापुढे पाय पुसले जातील असा खडबडीत मॅट, आणि विष्ठा रोज काढायची. टोक्सोप्लाझ्मा या माणसालाही होणाऱ्या परजीवीचा संसर्ग झालेलं मांजर सहसा पहिल्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडेच त्याची अंडी विष्ठेतून टाकतं आणि ती अंडी संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस लागतात. रोज ट्रे साफ केला की धोका बराच कमी होतो. घरात कुणी गरोदर असेल किंवा कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर ट्रेचं काम दुसऱ्याने करावं, आणि मांजराला कच्चं मांस देऊ नये.

सवय अचानक बदलली तर

आजवर ओट्याकडे न फिरकणारं मांजर एकाएकी अन्नावर तुटून पडायला लागलं, तर त्याला शिकवत बसू नका, तपासून घ्या. वय दहाच्या पुढे, भूक वाढलेली आणि वजन उतरतंय, तर थायरॉइड किंवा मधुमेहाची शक्यता मोठी. नळाशी सतत जाणं आणि लिटरमध्ये मोठाले ओले गोळे दिसणं हे मूत्रपिंडाच्या आजाराचं किंवा मधुमेहाचं लक्षण असू शकतं. जंत झाल्यावरही भूक वाढते. स्टेरॉइडचा कोर्स चालू असेल तर त्यानेही.

उलटही होतं. नेहमी चढणारं मांजर खुर्चीवरून टप्प्याटप्प्याने चढू लागलं, उडीआधी दोन-तीनदा कचरलं किंवा चढणंच थांबलं, तर सांधे दुखत असण्याची शक्यता धरा. बारा वर्षांपुढच्या बहुतेक मांजरांच्या सांध्यांची झीज झालेली असते आणि ती ओरडून सांगत नाहीत. पशुवैद्याला दाखवताना उडीचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ न्या, कारण दवाखान्यात मांजर उडी मारून दाखवत नाही. घरी त्याच्या फळीपर्यंत १५ सेंटिमीटरच्या पायऱ्या किंवा गालिचा लावलेला उतार करा, नाहीतर फळीच खाली, खुर्चीच्या उंचीवर आणा आणि मॅट तोच ठेवा.